'केस'कडे दुर्लक्ष म्हणजे नेमके कोणाकडे दुर्लक्ष?

१/ सी भाषा शिकवताना एक वाक्य निःशंकपणे सांगितले जाते: कॅपिटल आणि स्मॉल अक्षरांतला भेद न मानता दोन शब्द ताडून पाहायचे असतील, तर दोन्ही स्मॉल करावेत आणि मग तुलना करावी. वाक्य निरुपद्रवी दिसते. त्यात बाराशे वर्षांचा युरोपीय लिपीइतिहास गृहीत धरलेला आहे आणि उरलेल्या जगाला 'अपवाद' म्हणून बाजूस सारलेले आहे. हा धागा त्या वाक्याविरुद्ध आहे.

२/ इतिहासाच्या अभ्यासकाने यात का पडावे? कारण आजचा अभ्यासक दप्तराच्या गाठी सोडण्याआधी शोधपेटीत शब्द टाकतो. शोधपेटीच्या तळाशी एक तुलना चालते: हा शब्द आणि तो शब्द एक आहेत काय? यंत्र 'नाही' म्हणाले की कागद समोर येत नाही. समोर न आलेला कागद हळूहळू अस्तित्वात नसलेला कागद ठरतो. साधनचिकित्सा कागदापाशी सुरू होते असे मानणाऱ्यांनी ती आता एक पायरी अलीकडे आणली पाहिजे.

३/ प्रथम 'केस' म्हणजे काय ते पाहू. मराठी शाळांतील जुन्या पिढीचे शिक्षक इंग्रजी अक्षरांना 'पहिली लिपी', 'दुसरी लिपी' म्हणत. आज त्यावर कोणी हसेल, पण इतिहासाच्या दृष्टीने ते शिक्षकच बरोबर होते. कॅपिटल अक्षरे रोमन शिलालेखांची आहेत. रोममधील ट्राजनच्या स्तंभाच्या पायथ्याशी इ.स. ११३ मधील त्यांचा सुप्रसिद्ध नमुना आहे. स्मॉल अक्षरांचा आजचा घाट शार्लमेनच्या काळातील, म्हणजे ८ व्या शतकाच्या अखेरीचा. दोन्हींच्या जन्मात सुमारे सात शतकांचे अंतर आहे.

४/ या दोन लिप्यांचा संसार कायमचा जुळवून दिला तो १५ व्या शतकातील फ्लॉरेन्सच्या मानवतावादी विद्वानांनी. पोज्जो ब्राच्चोलिनीसारख्यांनी शार्लमेनकालीन हस्तलिखितांतली अक्षरे उचलली, ती प्राचीन रोमचीच आहेत अशा समजाने. म्हणजे ज्या जोडीला संगणकशास्त्र निसर्गनियमासारखे वागवते, तिच्या मुळाशी कालनिर्णयाची एक चूक आहे.

५/ मग आले मुद्रक. खिळे ठेवण्याच्या लाकडी पेटीला इंग्रजीत 'केस' म्हणत. कॅपिटलची पेटी वर, स्मॉलची खाली. म्हणून 'अपर केस' आणि 'लोअर केस'. देवनागरीच्या जुळाऱ्यांपुढेही खिळ्यांच्या पेट्या असत, पण त्यांची विभागणी वेगळ्या तत्त्वावर होती: पूर्ण अक्षरे, अर्धी अक्षरे, मात्रा, जोडाक्षरे. 'केस' ही छापखान्यातील मांडणी होती. ती भाषेचा गुणधर्म कधीच नव्हती.

६/ तारयंत्राने हा भेद पुसला. बोदोच्या पाच बिटांच्या संकेतात ३२ च जोड्या बसत. दोन लिप्यांना जागा कुठून असणार? १९६३ च्या पहिल्या आस्की प्रमाणकातही स्मॉल अक्षरे नव्हती. ती १९६७ च्या आवृत्तीत आली आणि अशा खुबीने बसवली गेली की कॅपिटल 'ए' ६५ वर, स्मॉल 'ए' ९७ वर. प्रत्येक जोडीत फरक ३२ चा, म्हणजे एकाच बिटाचा. एक बिट फिरवला की पहिल्या लिपीची दुसरी लिपी होते.

७/ ही अभियांत्रिकी देखणी होती, हे मान्य करावेच लागेल. पण देखण्या युक्तीचे पाहता पाहता सत्य झाले. 'एका कॅपिटलला नेमके एकच स्मॉल, आणि उलटही तसेच' ही २६ अक्षरांपुरती सोय लिपीमात्राचा नियम म्हणून पुढच्या सगळ्या बांधकामात चिणली गेली.

८/ वास्तविक हा नियम त्या काळच्या सगळ्या यंत्रांनाही लागू नव्हता. आयबीएमच्या १९६४ च्या सिस्टिम ३६० सोबत आलेल्या एब्सिडिक संकेतात इंग्रजी अक्षरे सलग नाहीत. 'आय' आणि 'जे' यांच्यामध्ये खिंडार आहे, 'आर' आणि 'एस' यांच्यामध्येही आहे. कर्निहन आणि रिची यांच्या १९७८ च्या पुस्तकात स्मॉल अक्षर काढून देणारा छोटा नमुना आहे आणि तो आस्कीपुरताच चालतो अशी कबुलीही सोबत आहे. नमुना सर्वांनी उचलला. कबुली पुस्तकातच राहिली.

९/ आता त्या 'अपवादां'कडे वळू. १ नोव्हेंबर १९२८ रोजी तुर्कस्तानच्या संसदेने कायदा क्रमांक १३५३ संमत केला आणि अरबी लिपीऐवजी लॅटिन वर्णमाला आली. तुर्की भाषेत 'इ'च्या जवळपासचे दोन स्वतंत्र स्वर आहेत, म्हणून वर्णमालेतही दोन 'आय' ठेवले: एक टिंबाचा, एक बिनटिंबाचा. टिंबाच्या स्मॉलचे कॅपिटलही टिंबाचेच. बिनटिंबाच्या कॅपिटलचे स्मॉलही बिनटिंबाचेच. ध्वनीच्या दृष्टीने ही व्यवस्था इंग्रजीहून अधिक शिस्तीची आहे.

१०/ परिणाम काय? इंग्रजी 'फाइल' हा शब्द कॅपिटलमध्ये लिहिला आणि यंत्राला तुर्की नियमाने स्मॉल करायला सांगितले, तर मधला 'आय' बिनटिंबाचा होतो आणि 'फाइल' हा शब्द 'फाइल'शी जुळत नाही. कार्यक्रम कोलमडतो आणि दोष तुर्की भाषेच्या माथी येतो. कालक्रम मात्र पाहावा: तुर्की वर्णमाला १९२८ ची, आस्की १९६३ चे. पस्तीस वर्षे आधी कायद्याने प्रस्थापित झालेली व्यवस्था नंतर आलेल्या तक्त्याचा 'अपवाद' कशी ठरते? अपवाद कोणाला म्हणायचे हे तक्ता लिहिणारा ठरवतो.

११/ जर्मन भाषेतील 'एसत्सेट' हे अक्षर घ्या. त्याचे कॅपिटल रूप परंपरेने दोन 'एस' लिहून करतात. एक अक्षर, कॅपिटल केले की दोन. स्वतंत्र कॅपिटल एसत्सेट युनिकोडमध्ये २००८ साली आले आणि जर्मन शुद्धलेखन परिषदेने त्याला मान्यता दिली ती २०१७ साली. सी भाषेतील अक्षर बदलणारे फंक्शन एक अक्षर घेते आणि एकच अक्षर परत देते. एकाची दोन झाली तर ती ठेवायला त्याच्याकडे जागाच नाही. 'रस्ता' या अर्थाचा साधा जर्मन शब्द पाटीवर कॅपिटलमध्ये आणि पुस्तकात स्मॉलमध्ये असेल, तर हे फंक्शन त्यांना परके ठरवते.

१२/ यावर उपाय म्हणून एसत्सेटला सरसकट दोन 'एस' मानले तर? मग 'इन मासन' आणि 'इन मस्सन' एक होतात. पहिल्याचा अर्थ 'बेताने', दुसऱ्याचा 'ढिगाने'. मद्य बेताने घ्यावे की ढिगाने, हा भेद तुलनेत विरघळून जातो. भेद मानला तरी तोटा, न मानला तरी तोटा. तुलनेचा हेतू आधी ठरवल्याखेरीज यातून वाट निघत नाही.

१३/ ग्रीकमध्ये सिग्मा कॅपिटलमध्ये एक, स्मॉलमध्ये दोन: शब्दाच्या मध्ये एक आकार, शेवटी दुसरा. कॅपिटलमधला शब्द यंत्राने स्मॉल केला की शेवटीही मधलाच सिग्मा येतो. हाताने नीट लिहिलेल्या शब्दात शेवटचा सिग्मा असतो. दोन्ही 'स्मॉल करून' ताडले तर जुळत नाहीत, दोन्ही 'कॅपिटल करून' ताडले तर जुळतात. ज्या लिपीतून लॅटिन वर्णमाला उतरली, त्या ग्रीक लिपीपुढेच पाठ्यपुस्तकातले वाक्य आडवे होते.

१४/ 'पण हे सारे वाइड कॅरॅक्टरमुळे सुटले ना?' असा आक्षेप येतो. त्याचे उत्तर तपशिलाने द्यायला हवे. १९८९ च्या अमेरिकी प्रमाणकात सी भाषेला 'डब्ल्यूचार' हा रुंद वर्णप्रकार मिळाला. १९९५ च्या दुरुस्तीने त्यासाठी तुलनेची, मापनाची, कॅपिटल-स्मॉल करण्याची फंक्शने दिली. नावात आंतरराष्ट्रीयता होती, घर रुंद झाले. घरातला नियम मात्र तोच राहिला: एक अक्षर आत, एक अक्षर बाहेर.

१५/ त्या प्रमाणकाची भाषा साधन म्हणून वाचण्याजोगी आहे. कॅपिटलला जुळणारी स्मॉल अक्षरे 'एक किंवा अधिक' असू शकतात, हे त्यात मान्य आहे. फंक्शनने त्यांपैकी कोणते तरी एक द्यावे, आणि एका लोकेलमध्ये नेहमी तेच द्यावे, एवढीच अट आहे. म्हणजे सिग्माचा प्रश्न मसुदाकारांच्या परिघाबाहेर नव्हता. तो दिसला आणि 'कोणते तरी एक' या शब्दांखाली मिटवला गेला.

१६/ केसभेद न मानणारी तुलना तर सी प्रमाणकात आजही नाही. साध्या स्ट्रिंगसाठी नाही आणि वाइड स्ट्रिंगसाठीही नाही. ती आली बाहेरून. मायक्रोसॉफ्टचे 'डब्ल्यूसीएस-आय-सीएमपी', ग्नूचे 'डब्ल्यूसीएस-केस-सीएमपी'. यांतले दुसरे २००८ च्या पॉझिक्स प्रमाणकात दाखल झाले. तेथे त्याची व्याख्या अशी: पॉझिक्स लोकेलमध्ये ते दोन्ही शब्द स्मॉल करून ताडल्यासारखे वागेल, अन्य लोकेलमध्ये निकाल अनिर्दिष्ट.

१७/ हा शेवटचा शब्द दोनदा वाचावा. इंग्रजी अक्षरांच्या घरात नियम आहे. घराबाहेर, म्हणजे उरलेल्या साऱ्या भाषांसाठी, 'अनिर्दिष्ट'. जुन्या नकाशांत अज्ञात भूमी कोरी सोडत असत. फरक इतकाच की या कोऱ्या जागेतील लोकांनी आपल्या वर्णमाला छापून कधीच जगापुढे ठेवल्या होत्या.

१८/ आणि 'वाइड' म्हणजे किती वाइड? १९९१ च्या पहिल्या युनिकोडने १६ बिट पुरेसे मानले, म्हणजे ६५,५३६ जागा. विंडोज एनटीने १९९३ मध्ये तेच स्वीकारले. १९९६ च्या दुसऱ्या युनिकोडने ११ लाखांहून अधिक जागांची सोय केली. लिनक्सवर डब्ल्यूचार ३२ बिटांचा आहे. विंडोजवर आजही १६ बिटांचाच. तेथे पहिल्या ६५,५३६ च्या बाहेरचे अक्षर दोन तुकड्यांत साठवावे लागते.

१९/ बाहेर कोण राहिले ते पाहा. गिनी देशातील इब्राहिमा आणि अब्दुलाये बॅरी या भावांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस आपल्या फुलानी भाषेसाठी 'अदलम' लिपी घडवली. तिला कॅपिटल आहे, स्मॉल आहे. २०१६ साली ती युनिकोडमध्ये आली, पण पहिल्या ६५,५३६ च्या पलीकडे. विंडोजवरील सी फंक्शनच्या हाती अदलमचे अक्षर अर्धे अर्धे येते. अर्ध्या तुकड्याला स्मॉल रूप नसते, म्हणून फंक्शन तो जसाच्या तसा परत करते आणि एकच नाव दोन नावे ठरते. इथे दोष कोणत्या 'मृत' लिपीचा नाही. रोज लिहिली जाणारी लिपी आहे ही.

२०/ महाराष्ट्राला याची झळ मोडीच्या निमित्ताने लागते. मोडी लिपी युनिकोडमध्ये २०१४ साली आली, तीही त्याच पलीकडच्या प्रदेशात. मोडीला केस नाही. पण १६ बिटांच्या जगात तिचे प्रत्येक अक्षर दोन मोजले जाते. पाच अक्षरांचा शब्द दहा भरतो आणि मधोमध तोडला तर अर्धे अक्षर उरते. मोडी दप्तरांच्या संगणकीकरणाची घोषणा करणाऱ्यांनी हा हिशेब आधी मांडायला हवा.

२१/ इथे दुसऱ्या बाजूच्या अहंकाराचाही समाचार घेणे भाग आहे. 'देवनागरीत कॅपिटल-स्मॉल नाही, म्हणून ती संगणकाला अधिक शास्त्रीय' असे संदेश समाजमाध्यमांवर अभिमानाने फिरतात. ज्यांनी मराठी शब्द यंत्राकडून ताडून घेतला आहे, ते असे म्हणणार नाहीत. आपल्याकडे केस नाही. 'हा शब्द आणि तो शब्द एक काय?' हा प्रश्न मात्र तितकाच अवघड आहे.

२२/ 'दऱ्या' हा शब्द घ्या, दरीचे अनेकवचन. त्यातला अर्धा, आडवा र संगणकात तीन प्रकारे लिहिलेला आढळू शकतो. एक, नुक्तायुक्त र हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त. दोन, साधा र, वेगळा नुक्ता आणि हलन्त. तीन, साधा र, हलन्त आणि पुढे एक अदृश्य जोडचिन्ह. डोळ्यांना तिन्ही एकच. सी भाषेच्या वाइड तुलनेला तीन निरनिराळे शब्द. पहिले दोन युनिकोडच्या मते समान आहेत, पण सी फंक्शन युनिकोडला विचारत नाही. आकडे ताडते आणि मोकळे होते.

२३/ 'मग अदृश्य चिन्हे गाळून टाका' हा सोपा उपाय सुचतो. ओळखनामांच्या तुलनेसाठी युनिकोडने दिलेल्या एका पद्धतीत खरोखरच ती गाळली जातात. आता तिसऱ्या प्रकारच्या 'दऱ्या'तून जोडचिन्ह गाळा. उरतो 'दर्या'. सह्याद्रीच्या दऱ्यांचा अरबी समुद्र होतो! दोन शब्दांतला सगळा अर्थभेद ज्या चिन्हावर तोललेला, तेच 'दुर्लक्षणीय' म्हणून नोंदलेले. शिवकालीन मोहिमांवरील मजकुरात शोध घेणाऱ्याने दऱ्या मागाव्यात आणि यंत्राने आरमार दाखवावे, हा विनोद नव्हे. हा साधनसंग्रहाचा दोष आहे.

२४/ असे दोष केवळ अभ्यासकाला भोवतात असेही नाही. डिसेंबर २०१४ मध्ये गिट या प्रणालीत एक गंभीर फट उघड झाली. तिच्या अंतर्गत फोल्डरचे नाव स्मॉल अक्षरांत राखीव होते. तेच नाव कॅपिटल मिसळून दिले तर गिट त्याला वेगळे मानी. विंडोज आणि मॅकच्या फाइलव्यवस्था त्याला एकच मानीत. मॅकवर तर नावात अदृश्य चिन्ह पेरूनही तेच साधे. परिणामी परक्याचे आदेश दुसऱ्याच्या यंत्रावर चालवता येत. एका घरात दोन पहारेकऱ्यांनी 'तोच माणूस' या शब्दांचा वेगवेगळा अर्थ लावला की चोराला वाट मिळते.

२५/ अभियंत्यांच्या बाजूने एक खरा युक्तिवाद आहे. १९६० च्या दशकात एकेक बिट महाग होता. तेव्हाच्यांनी २६ अक्षरांपुरते पाहिले यात कपट नव्हते. मान्य. परंतु टंचाईतला निर्णय टंचाई संपल्यावरही चालू राहिला की त्याला निर्णय म्हणत नाहीत, वहिवाट म्हणतात. वहिवाटीचा हक्क कसा तयार होतो, हे वतनांचा इतिहास वाचणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

२६/ पर्याय नाही, हेही खरे नाही. युनिकोडने 'केस फोल्डिंग'चा स्वतंत्र तक्ता दिला आहे. त्यात एकास एक जोड्या वेगळ्या, एकाची अनेक होणाऱ्या वेगळ्या, आणि तुर्की जोड्यांना स्वतंत्र खूण आहे. दोन्ही सिग्मा त्यात एकाच रूपावर येतात. आयसीयू नावाच्या मुक्त ग्रंथालयातून सी भाषेतही तो वापरता येतो. 'फोल्ड करणे' आणि 'स्मॉल करणे' ही दोन कामे आहेत, हे तो तक्ता मान्य करतो.

२७/ याचा उत्तम पुरावा चेरोकी लिपीचा. सिक्वोयाने ती १८२१ मध्ये पूर्ण केली. युनिकोडने तिला १९९९ साली केस नसलेली लिपी म्हणून घेतले आणि २०१५ साली तिला स्मॉल अक्षरे दिली. आधीचा सारा मजकूर आता कॅपिटल ठरलेल्या अक्षरांत साठलेला. म्हणून चेरोकीचे फोल्डिंग उलट्या दिशेने, स्मॉलकडून कॅपिटलकडे होते. 'दोन्ही स्मॉल करावेत' या वाक्याला याहून स्पष्ट उत्तर कोणते? इथे इतिहासाने अक्षरशः दिशा बदलली आहे.

२८/ तेव्हा मागणी तीन गोष्टींची. पहिली: प्रत्येक तुलनेपूर्वी हेतू लिहावा. फाइलचे नाव वा आज्ञा ताडायची असेल, तर वापरणाऱ्याच्या भाषेवर न हलणारा एकच ठराव हवा. माणसाचे नाव वा मजकुरातला शब्द ताडायचा असेल, तर त्या भाषेचा नियम हवा. दोन्ही कामे एकाच फंक्शनवर टाकणे हा आळस आहे.

२९/ दुसरी: देवनागरी मजकूर साठवताना एकाच शब्दाची रूपे आधी एका रूपावर आणावीत, आणि अर्थ वाहणारे अदृश्य चिन्ह गाळण्यापूर्वी त्याचे दृश्य अक्षरात रूपांतर करावे. आडव्या र साठी हे काम काही ओळींचे आहे. तिसरी: प्रत्येक अंकीय संग्रहाने आपली शोधपेटी काय एक मानते आणि काय वेगळे मानते, हे उघड नोंदवावे. मुद्रित ग्रंथात संपादक 'संपादनाची पद्धती' सांगतो. संग्रहाला ही सूट का?

३०/ इतिहासाच्या विद्यार्थ्याने सी भाषा शिकलीच पाहिजे असे नाही. पण 'शून्य निकाल' हे उत्तर समोर आले की त्याने विचारावे: कागद नाही, की तुलना चुकली? तोच शब्द वेगळ्या कीबोर्डवरून, वेगळ्या रूपात पुन्हा टाकून पाहावा. प्रतिलिपीकाराच्या हस्तदोषांवर आपण शंभर वर्षे चर्चा केली. तुलना करणारे यंत्र हा आजचा प्रतिलिपीकार आहे, आणि त्याचे हस्तदोष कोणी नोंदवायचे हे काम अजून रिकामे आहे.

(धागा समाप्त)